पाटील: आडनाव एक, घराणी अनेक

कल्याणजवळच्या मोहने गावात शेजारी-शेजारी राहणारे दोन पाटील भाऊबंद असतीलच असे नाही. या आडनावाचे मूळ कुळात नाही, हुद्द्यात आहे. जुन्या ताम्रपटांत गावच्या मुख्याला ‘पट्टकिल’ म्हटले आहे; त्याचाच पुढे पाटील झाला. गावोगावचे वतन वेगवेगळ्या घराण्यांकडे, म्हणून हे आडनाव अनेक समाजांत पोचले. दि. बा. पाटील आगरी, कर्मवीर भाऊराव पाटील जैन, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा. उल्हास नदीकाठच्या या आगरी-कोळी पट्ट्यात एनआरसी (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन) सारख्या कारखान्यांच्या नोकरीमुळे बाहेरगावचे पाटीलही येऊन मिसळले.

स्कॉटलंडच्या ‘स्ट्युअर्ट’ आडनावाची कथा अशीच आहे. बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झअ‍ॅलन तिथल्या राजाचा मुख्य कारभारी, म्हणजे ‘स्ट्युअर्ड’, झाला. हुद्दा वंशपरंपरेने चालला, त्याचेच आडनाव झाले आणि १३७१ मध्ये हे कारभाऱ्यांचे घराणे थेट गादीवर बसले!

आपल्याकडे मुलकी पाटीलकीचे वतन १९६२ च्या कायद्याने संपले. पोलीस पाटील हे पद मात्र १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार आजही भरले जाते. त्यासाठी आडनाव पाटील असावे लागत नाही.