लपून राहिलं की भागतं?

युगांडात २०२३ सालच्या कायद्यानुसार समलिंगी संबंधांना जन्मठेप आहे आणि ‘गंभीर’ ठरवलेल्या काही प्रकारांत फाशीही. अशा ठिकाणाहून जीव मुठीत धरून निघालेल्यांना दुसऱ्या देशात वसवण्याचा विषय निघाला, की हमखास विचारलं जातं, “गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं?”

याचं उत्तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच दिलं आहे. इराण आणि कॅमेरूनमधल्या दोन समलिंगी पुरुषांना ‘मायदेशी जाऊन जपून राहा’ म्हणत आश्रय नाकारला गेला होता. न्यायालयाने ते खोडून काढलं. छळाच्या धास्तीने माणसाला जन्मभर स्वतःला लपवावं लागत असेल, तर आश्रय द्यायला तेवढं कारण पुरे. धर्मावरून छळ होणाऱ्याला ‘दार लावून प्रार्थना कर’ असं सांगून कोणी परत धाडत नाही. मग इथेच वेगळा न्याय का?

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात लैंगिकतेचा उल्लेख नाही, हे खरं. मात्र वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत यांच्याबरोबर ‘विशिष्ट सामाजिक गट’ हेही कारण त्यात आहे. समलिंगी आणि ट्रान्स व्यक्ती त्यात बसतात, हे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट केलं.

“सीमा ओलांडली, सुटले!” हाही भ्रमच. युगांडातून पळालेले अनेक जण केनियात पोचतात. तिथल्या दंडसंहितेतही अशा संबंधांना १४ वर्षांपर्यंत कैद आहे. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत त्यांच्यावर हल्ले झाले आहेत, तेही काही वेळा बरोबरच्या निर्वासितांकडून. इतरांना छावणीत नातलग, गाववाले यांचा आधार असतो. यांतल्या कित्येकांना घरच्यांनीच बाहेर काढलेलं असतं. म्हणून तिसरा देश लागतो.

आणि लोंढ्याची भीती? जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांचं दरवर्षी असं पुनर्वसन होतं, तेही कसून चौकशी झाल्यावर. युरोपात आश्रय मागणाऱ्यांची चौकशी तर कधी इतकी खालच्या थराला गेली, की खासगी क्षणांच्या चित्रफिती पुरावा म्हणून घेऊ नका, असं युरोपीय न्यायालयाला २०१४ मध्ये बजावावं लागलं.

कॅनडात नागरिकांचे गट अशा निर्वासितांची जबाबदारी घेत आले आहेत : घर, किराणा, दवाखाना, पहिली नोकरी. टोरांटोची ‘रेनबो रेलरोड’ ही संस्था २००६ पासून माणसांना सुरक्षित ठिकाणी पोचवते आहे. टोरांटो-व्हँकूव्हरच्या मराठी वाचकांनी अशा गटांना हातभार लावावा. बाकीच्यांनी निदान ‘लपून राहा’ हा सल्ला तरी देऊ नये.