टॉर्नेडोंची मोजणी आणि माणसांची

जगात सर्वाधिक टॉर्नेडो कोठे होतात, या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या विद्यार्थ्यास पाठ असते: अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथे वर्षाकाठी सरासरी हजार-बाराशे टॉर्नेडो नोंदले जातात; अन्य कोणताही देश या संख्येच्या जवळपास पोचत नाही. परंतु एकाच टॉर्नेडोने सर्वाधिक बळी कोठे घेतले, असे विचारले तर उत्तर अमेरिकेत सापडत नाही. ते बांगलादेशात सापडते. २६ एप्रिल १९८९ च्या संध्याकाळी माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे तेराशे माणसे मृत्युमुखी पडली. या दोन उत्तरांतील अंतर हाच खरा चिंतेचा विषय होय.

टॉर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडो हा गडगडाटी मेघातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा फिरता स्तंभ. त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचेच असते. जमिनीलगत उष्ण व दमट हवा, तिच्यावर कोरडी हवा, आणि उंचीनुसार वेग व दिशा बदलणारे वारे यांचा मेळ बसला की त्याला अनुकूल स्थिती निर्माण होते. अमेरिकेत दमट हवा मेक्सिकोच्या आखातावरून आणि कोरडी हवा पश्चिमेकडून येते. बंगालच्या मैदानात हेच काम उपसागर आणि छोटा नागपूरचे पठार करतात.

म्हणूनच या संकटाला ठरावीक ऋतू आहे आणि बहुतांशी ठरावीक वेळही. अमेरिकेत तो प्रथम आखाताच्या किनाऱ्यावर जाणवतो, मे महिन्यात टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सासच्या मैदानांत भरास येतो आणि जून-जुलैत उत्तरेकडे सरकतो. बंगालमध्ये तो कालवैशाखीच्या दिवसांत, मार्च ते मे या काळात येतो. मोसमी पाऊस स्थिरावला की ओसरतो. दोन्हीकडे दुपार उलटल्यापासून दिवेलागणीनंतरच्या काही तासांपर्यंतची वेळ अधिक धोक्याची असते, कारण दिवसभर तापलेली जमीन तोवर मेघांना पुरेसे बळ देऊन चुकलेली असते.

मात्र संख्येवरून धोक्याचे माप काढणे फसवे ठरते. खुद्द अमेरिकेतही मैदानी राज्यांत टॉर्नेडो दुरून दिसतो. आग्नेयेकडील मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी या राज्यांत तो झाडीत दडतो, रात्री-अपरात्री येतो, हिवाळ्यातही येतो आणि तकलादू घरांत झोपलेल्यांना गाठतो. २७ एप्रिल २०११ या एका दिवसात त्या भागात तीनशेहून अधिक माणसे दगावली. बंगालच्या मैदानात तर दाट वस्ती, कच्च्या भिंती आणि वाऱ्याबरोबर पात्यासारखे उडणारे पत्रे हे सारे एकत्र येते. १३ मे १९९६ रोजी टांगाईल परिसरात सुमारे सातशे माणसे याच रीतीने गेली. भारतही यातून सुटलेला नाही. २४ मार्च १९९८ रोजी पश्चिम बंगाल व ओडिशाच्या सीमेवर शंभराहून अधिक बळी पडले. ३१ मार्च २०२४ रोजी जलपाईगुडी जिल्ह्यात मयनागुडी परिसराला तडाखा बसला.

टॉर्नेडोची पूर्वसूचना अमेरिकेतही सरासरी दहा-पंधरा मिनिटेच आधी मिळते, तेव्हा गरीब देशांनी करायचे काय, असे कोणी म्हणेल. पण त्याचे उत्तर बांगलादेशानेच दिलेले आहे. १९७० च्या चक्रीवादळात तेथे लाखो माणसे गेली. त्यानंतर पक्के निवारे आणि गावोगावचे स्वयंसेवक यांच्या बळावर अशा वादळांतील मृत्यूंची संख्या त्या देशाने कितीतरी पटींनी खाली आणली. टॉर्नेडोसाठी गाव रिकामे करण्याइतका वेळ मिळत नाही, हे खरे. परंतु दहा मिनिटांत धावत गाठता येईल अशी एक भक्कम खोली, शाळेची का असेना, प्रत्येक वस्तीत असू शकते. आणि चैत्र-वैशाखातील दुपारी आकाश काळवंडले की त्या खोलीकडे वळायचे, हे पोरासोरांनाही शिकविता येते.

वादळांची गणती वेधशाळा करतीलच. त्यांचा ऋतू आणि वेळ ठाऊक असूनही माणसे उघड्यावर सापडत असतील, तर तो दोष आकाशाचा नव्हे.