खेळांतील इंजिनाचे दोन दिवे

पुण्यास कोथरूड येथें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. तेथील इवल्याशा आगगाड्या पाहून आलेल्या आमच्या फैजपूरच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या इंजिनास एल.ई.डी.चा दिवा लाविला. रुळांची १२ व्होल्टांची वीज थेट दिल्यामुळें तो तत्काळ जळाला. मुलें हिरमुसलीं, म्हणून आम्हीं त्यांच्यासह कारण शोधिलें.

पांढऱ्या दिव्यास सुमारें ३ व्होल्ट पुरतात. उरलेले ९ व्होल्ट रोधकानें सोसावयाचे. प्रवाह १० मिलिअँपिअर धरिल्यास ९ भागिले ०.०१, म्हणजे ९०० ओहम. बाजारांत सहज मिळणारा १००० ओहमचा घ्यावा.

हा दिवा वीज एकाच दिशेनें जाऊं देतो. उलट दाब फार झाल्यास बिघडतो. यास्तव इंजिनाच्या दोन्ही टोकांस एकेक दिवा बसवून ते परस्परांच्या उलट जोडावे, व दोहोंच्या वाटेवर तो एकच रोधक घालावा. रुळांतील विजेची दिशा पालटली कीं गाडी उलट फिरते, पहिला दिवा विझतो व दुसरा पेटतो. पेटलेल्या दिव्यामुळें विझलेल्यावर सुमारें ३ व्होल्टांहून अधिक उलट दाब येत नाहीं.

मुलांनों, घरच्या विजेवर हा प्रयोग कदापि करूं नका. आणि दिवा जोडण्यापूर्वीं पाटीवर गणित मांडा. आमच्या विद्यार्थ्यांचा दुसरा दिवा त्यामुळेंच टिकला.