चूक न काढणारा श्रोता

वाचताना अडखळणाऱ्या मुलाने प्रशिक्षित कुत्र्याशेजारी बसून त्याला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी, असा उपक्रम अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे १९९९ साली ग्रंथालयात सुरू झाला आणि पुढे प्राथमिक शाळांतही पोहोचला. कुत्रा चूक काढीत नाही, हसत नाही, घाई करीत नाही. त्यामुळे मुलाची भीड चेपते. मात्र त्यासाठी पालकांची संमती, कुत्र्याचे लसीकरण व सोबत जाणकार सांभाळणारा आवश्यक असतो. भय वाटणाऱ्या मुलावर सक्ती नसावी. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला, तर त्यालाही तत्काळ विश्रांती मिळावी. मुलाचे हित साधताना त्या मुक्या जीवास क्लेश होऊ नयेत, ही जबाबदारी शाळेचीच आहे.