पहारेकऱ्याच्या वहीतून शिरणारा चोर

दुकानदाराची कीर्द, रेल्वे-स्थानकातील नोंदवही किंवा धर्मशाळेच्या दारातील उतारूंची यादी, या सर्वांचे प्रयोजन एकच असते. कोण आले, केव्हा आले आणि काय करून गेले, हे पुढे विचारण्याची वेळ आलीच, तर उत्तर हाताशी असावे. संगणकही अशी कीर्द ठेवतो. तिला 'लॉग' म्हणतात. कोणी आत प्रवेश केला, कोणाचा परवलीचा शब्द चुकला, कोणते काम मध्येच बंद पडले, या गोष्टी तीत वेळेसह उतरत असतात. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकात काही गैरप्रकार घडला, तर तपासास येणारा तज्ज्ञ प्रथम हीच वही उघडतो.

परंतु या वहीत लिहिणारा कारकूनच भोळा निघाला तर?

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' हा पत्रे पोचविणारा प्रोग्राम रचला आणि त्याच्या नोंदींसाठी 'सिसलॉग' नावाची व्यवस्था केली. ती इतकी सोयीची ठरली, की युनिक्स परिवारातील इतर प्रोग्रामही आपल्या नोंदी तिच्या हाती सोपवू लागले.

नोंद लिहिण्यापूर्वी तिचा मजकूर संगणकाच्या स्मरणात एका आखून दिलेल्या जागेत जुळविला जातो. या जागेला 'बफर' असे नाव आहे. अशा प्रोग्रामांची भाषा बहुधा 'सी' असते. आणि जागा किती व मजकूर किती, हे ती भाषा आपण होऊन पाहत नाही. ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची. त्याने माप घेतले नाही, तर जास्तीची अक्षरे बाहेर सांडतात. पायलीबाहेर सांडलेले धान्य निदान कोणाचे नुकसान करीत नाही. येथे मात्र सांडलेली अक्षरे शेजारच्या मजकुरावर चढून बसतात. 'यापुढे कोणते काम करावयाचे' ही सूचनाही त्या शेजारीच असू शकते. धूर्त मनुष्य आपला मजकूर अशा बेताने लांबवितो, की तेथे त्याचीच आज्ञा लिहिली जावी. संगणक ती धन्याची आज्ञा समजून पाळतो.

हा धोका जगाला प्रथम ठळकपणे दिसला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'किड्या'ने ज्या वाटांनी हजारो संगणकांत प्रवेश केला, त्यांतील एक वाट अशीच होती. ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट ओतले होते! पुढे १९९५ च्या ऑक्टोबरात प्रत्यक्ष सिसलॉगमध्येच असा दोष असल्याचा इशारा अमेरिकेतील 'सर्ट' या केंद्राने दिला. जिच्यासाठी ती वही निर्माण झाली, त्या सेंडमेलच्याच वाटेने परका मनुष्य दुरून आत येऊ शकत होता.

नोंदवहीच अशी वारंवार का सापडावी? याचे कारण तिच्या धर्मातच आहे. ज्याला दारातून परत पाठविले, त्याचेही नाव तिला लिहून घ्यावे लागते. म्हणजे ज्याला आत मज्जाव आहे, त्याचे शब्द मात्र आत पोचतात.

३० जानेवारी २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला शोध या दृष्टीने उद्बोधक आहे. लिनक्सवरील असंख्य प्रोग्राम 'जीलिबसी' नावाच्या सामाईक भांडारावर अवलंबून असतात. त्यातील सिसलॉगच्या कामात नोंदीचा आरंभीचा भाग, म्हणजे नोंद करणाऱ्या प्रोग्रामचे नाव, १०२४ बाइटांच्या जागेत मावला नाही, तर नवी जागा मागावी अशी योजना होती. परंतु त्या प्रसंगी जागेचा आकडा शून्यच राहून जाई. त्यात शेवटच्या खुणेचा एक मिळवून अवघ्या एका बाइटाची जागा घेतली जाई आणि सगळी लांबलचक नोंद तीत कोंबली जाई. प्रोग्रामचे नाव काय सांगावे, हे तर तो चालविणाऱ्याच्याच हाती असते! 'फेडोरा ३८' या लिनक्सवर कसलाही विशेष अधिकार नसलेला सामान्य वापरकर्ता या मार्गाने संपूर्ण संगणकाचा स्वामी होऊ शकतो, हे संशोधकांनी करून दाखविले. 'डेबियन' व 'उबुंटू' यांच्या काही आवृत्त्याही सदोष ठरल्या.

हा दोष २०२२ च्या ऑगस्टमध्ये २.३७ या आवृत्तीसाठी केलेल्या बदलात शिरला होता. त्याच बदलाने सिसलॉगमधील दुसरा एक किरकोळ दोष दूर होत असल्यामुळे तो आधीच्या २.३६ आवृत्तीतही नेण्यात आला. औषधाबरोबर नवे दुखणेही घरात आले. दुरुस्ती करणारे हात कुशल होते. तरीही हे घडले. मग १९९७ च्या डिसेंबरात जुन्या लिनक्सच्या भांडारातही अगदी असाच दोष आढळला होता, हे कळल्यावर आश्चर्यापेक्षा विषादच अधिक वाटतो.

सुदैवाने शोध जाहीर होताच दुरुस्तीही उपलब्ध झाली. परंतु दुरुस्ती तयार असणे निराळे आणि ती आपल्या यंत्रावर चढणे निराळे. संगणक 'अद्ययावत करा' असे सुचवितो, तेव्हा ती कटकट समजून आपण पुढे ढकलतो. त्या दिवसांतच चोराची सोय होते. कार्यालये सांभाळणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. नोंदींची प्रत दुसऱ्या, स्वतंत्र संगणकावर ठेवावी. कारण यंत्राचा स्वामी झालेला चोर प्रथम आपल्या येण्याची नोंद पुसतो. वही शाबूत राहिली, तरच झालेल्या हानीचा हिशेब लागतो.