पॅडलच्या पोटात

पिकलबॉलचं पॅडल घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग त्यावर कुठल्या खेळाडूचं नाव छापलंय ते, आणि शेवटी किंमत. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं १४ मिमी किंवा १६ मिमी त्याच्या नजरेतून निसटतं. माझ्या मते दुकानात सर्वांत आधी वाचायचा आकडा तोच.

ही असते गाभ्याची जाडी. हल्लीच्या बहुतेक पॅडल्सचा गाभा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचा असतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी कप्प्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले कार्बनचे किंवा फायबरग्लासचे पातळ थर. बाद झालेलं एक पॅडल मी मुद्दाम करवतीने आडवं कापून पाहिलं. जिथे चेंडू रोज बसायचा तिथले कप्पे चेपून वाकले होते, कडेचे मात्र कोरे करकरीत होते. जुनं पॅडल विकत घेताना मी म्हणूनच अंगठा दाबून आणि बोटाच्या पेराने टकटक करून बघतो. एखाद्या जागी आवाज बदलला, की आतली जाळी बसली किंवा वरचा थर सुटला असं समजावं.

हा खेळ १९६५ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर जन्मला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी तो सुरू केला. भारतात तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी आणला आणि २००८ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. इतिहास एवढा पुरे, कारण मला बोलायचंय ते आर्लेन परांटो यांच्याबद्दल. सुरुवातीची पॅडल्स प्लायवूडची होती, मॅकॅलम ती घरच्या तळघरात कापायचे. परांटो बोइंग कंपनीत इंजिनिअर. विमानाच्या तळफळीसाठी पोळ्यासारख्या जाळीचे हलके पण भक्कम तक्ते वापरतात, ते त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. १९८४ मध्ये त्यांनी तसल्याच तक्त्यांतून पॅडल कापलं आणि लाकूड मागे पडलं. नंतर कागदी जाळीच्या जागी प्लास्टिक आलं, फायबरग्लासच्या जोडीला कार्बन आला, आता तर जाळीऐवजी फोम भरलेली पॅडल्सही मिळतात. पण दोन कडक थर आणि मध्ये हलका गाभा ही रचना परांटोंचीच. या खेळावर त्यांच्याइतका ठसा कुणा विजेत्याचाही नसेल, असं मला मनापासून वाटतं.

आता जाडीचं काम. १६ मिमीचा गाभा चेंडूचा जोर पितो. समोरून सणसणीत आलेला चेंडूही अलगद पलीकडे ठेवता येतो आणि फटका मधोमध बसला नाही तरी पॅडल हातात फारसं फिरत नाही. १३-१४ मिमीच्या पॅडलवरून चेंडू लगेच सुटतो, वेग फुकट मिळतो, पण हलक्या हाताचा फटका उंच उडून प्रतिस्पर्ध्याच्या घशात जायची भीती वाढते. वरच्या थराचंही काहीसं तसंच आहे. फायबरग्लास थोडा लवतो आणि चेंडू फेकतो. खरखरीत कार्बन चेंडू धरतो, त्यामुळे फिरकी चांगली मिळते. तो खरखरीतपणा मात्र खेळून खेळून झिजतो.

मग घ्यायचं कुठलं? ‘तुमची शैली कुठली?’ असं विचारलं, की प्रत्येक जण आपला लाडका फटका सांगतो. दादरच्या एका कोर्टावर टेबल टेनिसमधून आलेले एक काका भेटले. त्यांना जोरकस, पातळ पॅडल हवं होतं.

“काका, तुमचे पॉइंट जातात कुठे?” मी विचारलं.

“अहो, माझा स्मॅश कुणाला परतवता येत नाही!”

“जिंकलेले नको, गेलेले सांगा.”

जरा विचार करून म्हणाले, “किचनपाशी.” मी माझं १६ मिमीचं त्यांच्या हातात दिलं. पुढचा अर्धा तास त्यांनी ते परत केलं नाही.

पॅडल निवडायची माझी एकमेव कसोटी ही आहे: जो फटका हरवतो त्याला मदत करणारं पॅडल घ्या. आवडता फटका तुम्ही कशानेही मारालच.

किचन म्हणजे जाळीलगतचा ७ फुटांचा पट्टा. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. पिकलबॉलचं कोर्ट २० फूट बाय ४४ फूट, नेमकं बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढं. त्यामुळे आपल्याकडे कित्येक सोसायट्यांत त्याच कोर्टावर जाळी खाली घेऊन खेळ सुरू होतो. पण बॅडमिंटनची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते. तीच किचनची रेषा धरली की अर्ध्या फुटावरून रोज वाद. चिकटपट्टीने ७ फुटांवर नवी रेषा आखून घ्या, शेजारधर्म टिकेल.

आकाराबाबत नियम असा, की लांबी आणि रुंदीची बेरीज २४ इंचांपेक्षा जास्त नको आणि लांबी १७ इंचांच्या आत हवी. म्हणजे लांबीला दिलेला प्रत्येक इंच रुंदीतून जातो. साडेसोळा बाय साडेसात इंचांचं लांबट पॅडल टेनिसवाल्यांना मानवतं. पोहोच वाढते आणि मूठ लांब असली तर दोन हातांचा बॅकहॅंडही मारता येतो. १६ बाय ८ चं रुंद पॅडल जास्त चुका माफ करतं. नवख्याने डोळे झाकून रुंद घ्यावं.

वजनाला नियमाची मर्यादा नाही. बाजारात साधारण २१० ते २४० ग्रॅमची पॅडल्स मिळतात. मी नेहमी हलक्याकडे झुकतो, कारण वजन नंतर वाढवता येतं. शिशाची किंवा टंगस्टनची चिकटपट्टी मिळते. पॅडल घड्याळासारखं धरलं तर ३ आणि ९ च्या जागी, कडेवर, दोन्हीकडे तीन-तीन ग्रॅम लावून बघा. कडेला बसलेल्या फटक्यावर पॅडल वळणं कमी होतं. तीच पट्टी १२ च्या जागी लावली तर फटक्याला जोर येतो, पण किचनपाशी हात मंदावतो आणि कोपरावर ताण येतो. कोपर दुखणाऱ्यांनी टोकाला वजन लावूच नये. इतक्या स्वस्तात आणि इतक्या झटपट बदल घडवणारी दुसरी गोष्ट या खेळात मला सापडलेली नाही, आणि तरीही लोक नवं पॅडल घ्यायला धावतात याची मला हळहळ वाटते.

मुठीचा घेर बहुधा ४ ते साडेचार इंच असतो. पॅडल धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. कोकणपट्टीच्या दमट हवेत घामाने मूठ सटकते, तेव्हा वर ओव्हरग्रिप गुंडाळणं आलंच, आणि त्याने घेर थोडा वाढतो. हे धरूनच माप घ्या. बारीक मूठ अशी एका वेढ्याने जाड करता येते, जाड मूठ तासून बारीक करणं कठीण. दोन मापांत अडकलात तर लहान घ्या.