खांबावरचे हातड्रिल

एका खेड्यातील शाळेच्या लोहारकामाच्या वर्गासाठी हाताने फिरवावयाचे जुने ड्रिल खरेदी होणार आहे, ते कसे पारखतात हे पाहून लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाल्यावरून रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध फिटर मिस्त्री शाळेच्या वतीने खरेदीस आले होते.

या यंत्राचा दफ्तरी इतिहास फार मोठा नाही. स्टीफन मॉर्स या अमेरिकन गृहस्थाने 1863 साली पिळाच्या बीटाचे पेटंट घेतले. पुढे पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या चॅम्पियन कंपनीसारख्या कारखान्यांनी लोहारशाळेच्या खांबावर बसवावयाची बिडाची ड्रिले काढली. आणि 1917 साली ब्लॅक अँड डेकर यांना पिस्तुली मुठीच्या विजेच्या ड्रिलाचे पेटंट मिळाल्यानंतर या वंशाचा ऱ्हास क्रमाक्रमाने होत गेला.

मला खिळवून ठेवले ते या खांबावरच्या ड्रिलाच्या माथ्यावरील एका खिट्टीने. हँडल फिरू लागले की त्याच्या आसावरील उंचवट्याची चकती एका तरफेला दर फेऱ्यास उचलते, तरफेच्या टोकाची खिट्टी आट्याच्या दांड्यावरील दातेरी चक्राला एकदोन दात पुढे ढकलते, आणि बीट तेवढेच, केसभर, लोखंडात खाली उतरते. कारागिराचा एक हात हँडलावर असता दुसरा तेल सोडण्यास मोकळा राहतो. खिट्टीने किती दात ओढावेत हे कमीजास्त करण्याची तजवीज यंत्रातच असते. ओढ जादा झाली तर हँडल जड होते, आणि बीट मोडण्यापूर्वी ती वार्ता मनगटास पोहोचते. वेग मंद असल्याने साध्या कार्बनी पोलादाच्या बीटाचे पाणीही सहसा उतरत नाही. विद्यार्थ्याला लोखंडाचा स्वभाव समजावून देणारे याहून प्रामाणिक साधन माझ्या पाहण्यात नाही.

पहिले ड्रिल हिरव्या तैलरंगाने झळाळत होते. मी हँडलास हात घालताच मिस्त्री म्हणाले, "साहेब, हँडल सगळ्यांचंच फिरतं. आधी सांगाडा बघा." त्यांनी भुजेच्या वळणावर नाण्याच्या कडेने रंग खरवडला, तो खाली पितळेची पिवळी रेघ निघाली: बीड तडकून पितळेने जोडलेले होते, आणि ड्रिलाचा सारा दाब ज्या ठिकाणी येतो नेमक्या त्याच ठिकाणी! उपाहारगृहाच्या दर्शनी भिंतीस ते शोभले असते. मुलांच्या हाती देण्याजोगे नव्हते. शेजारचे दुसरे ड्रिल गंजलेले, लाकडी मूठही नसलेले. परंतु नख फिरवता चक्राचे दात धारदार लागले, खिट्टी दर फेऱ्यास ठाम पडली, आणि बीटाचा दांडा हाताने हलवून पाहता त्यात खेळ नव्हता. घासाघीस होऊन सौदा ठरला तो भंगाराच्या वजनी भावापेक्षा पुष्कळच वर.

खरा मामला येथून पुढे सुरू होतो. अशा बहुतेक ड्रिलांत तीन जबड्यांचा चक नसून अर्ध्या इंची दांड्याचे बीट स्क्रूने आवळावे लागते. सबब आजची बारीक बीटे त्यात बसत नाहीत, आणि अर्ध्या इंची दांड्यावर वेगळा चक बसवून घ्यावा लागतो. तो तिरका बसला तर बीट डोलते व भोक मोठे पडते. यंत्र भिंतीस ठोकून भागत नाही. जाड, जमिनीत पक्का गाडलेला सागाचा खांब हवा, नाहीतर हँडलाच्या प्रत्येक फेऱ्यास सांगाडाच हलतो. उद्या चक्राचा दात तुटला, तर तयार सुटा भाग मिळणे दुरापास्त; लाकडी नमुना करून ओतकाम करवून घ्यावे, किंवा बीडकामात मुरलेला वेल्डर शोधावा. बीड तापवण्या-निवण्यात घाई झाली की जोडाशेजारीच नवी चीर जाते, आणि हे जाणणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. यंत्राच्या गंजापेक्षा मला याची धास्ती अधिक वाटते.

ज्यांच्या वाड्यात वा बंद पडलेल्या लोहारशाळेत असे ड्रिल पडून असेल त्यांनी ते वजनावर विकू नये. जवळच्या शाळेस विचारावे, आणि देताना हँडल, स्क्रू व जुन्या बीटांची पेटी आठवणीने सोबत द्यावी, कारण त्यांवाचून ते चालू करणे फार कठीण जाते.